त्याच फर्मच्या दुसऱ्या ऑफिसला जायचंय, आधी कोणाला सांगू?

प्रश्न: मी एका मोठ्या लॉ फर्ममध्ये चौथ्या वर्षाची असोसिएट (पगारी वकील) आहे, कॉर्पोरेट टीममध्ये. नवऱ्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागलीय, तिथेही आमच्या फर्मचं ऑफिस आहे. एचआर म्हणतं अर्ज टाका, बघू. पण ज्यांच्या हाताखाली काम करते त्या फर्मच्या पार्टनरला कळलं तर चांगली कामं काढून घेतील अशी भीती वाटते. सीनियॉरिटी पण जाते का?

उत्तर: अर्ज नंतर हो, आधी माणसं. लॉ फर्ममधली बदली म्हणजे वरून ऑर्डर आली आणि बॅग भरली असं नसतं, तिकडच्या पार्टनरकडे तुमच्यासाठी काम हवं आणि इकडच्यांनी अडवायला नको, एवढं जमलं की एचआरचे कागद पटापट हलतात. म्हणून तुमच्या पार्टनरला तुम्हीच सांगा, लवकर सांगा. तिकडचे त्यांना फोन करून विचारणारच, आणि असं बाहेरून कळलेलं जास्त लागतं. घरचं कारण आहे, फर्म सोडायची नाहीये, हातातली मॅटर्स तिकडून पूर्ण करते, असं सरळ बोला. तयार असोसिएट दुसऱ्या फर्मला जाण्यापेक्षा हे त्यांनाही परवडतं.

तिकडच्यांना एक गोष्ट नक्की विचारा, तुमच्या लेव्हलच्या लोकांचे बिलेबल तास, म्हणजे क्लायंटला बिल लावता येतं ते कामाचे तास, भरतायत का? पगारापेक्षा मला हेच मोठं वाटतं, कारण तिथे काम कमी असेल तर तुमचे तास पडणार, बोनसला फटका, आणि नवीन ऑफिसात तुमची बाजू घेणारं अजून कोणी नसणार.

लायसन्सचं मात्र आजच बघा. फर्म एकच असली तरी वकिलीची परवानगी जागेनुसार बदलू शकते. अमेरिकेत बघा, न्यूयॉर्कला युनिफॉर्म बार एक्झामचा (बऱ्याच राज्यांत चालणारी वकिलीच्या लायसन्सची सामायिक परीक्षा) 266 किंवा वरचा स्कोअर चालतो, पण परीक्षेपासून 3 वर्षांत अर्ज करावा लागतो, आणि कॅलिफोर्निया तो स्कोअर घेतच नाही, स्वतःची परीक्षा द्यायला लावतं.

सीनियॉरिटी, काम तेच राहिलं तर सहसा जात नाही. पण प्रॅक्टिस, म्हणजे कायद्याचं कामाचं क्षेत्र, बदलली किंवा लायसन्स लांबलं तर वर्ष मागे ढकलू शकतात, त्यामुळे "काही बदलणार नाही" हे तोंडी ऐकून थांबू नका. तुमचं वर्ष कितवं धरणार, पगार कुठल्या शहराचा, दोन्ही ऑफिसचे तास एकत्र मोजणार का आणि यंदाचा बोनस कोण ठरवणार, सगळं ईमेलवर घ्या. आणि जायची तारीख चालू डील क्लोज झाल्यानंतरचीच मागा.