डिफ्युजनमुळे, म्हणजे रेणू आपोआप पसरत गेल्यामुळे, सगळं एकसारखं व्हायला हवं ना? मग रसायनात ठिपके आणि पट्टे कसे उमटतात?

"नीट ढवळलं नसेल" असं कुणी इथे लिहिण्याआधी मीच लिहिते. एमएस्सीच्या व्हायव्हात मला हेच ऐकवलं गेलं होतं.

प्रोजेक्ट बेलोसोव्ह-झाबोटिन्स्की अभिक्रियेचा, म्हणजे जिचा रंग पुन्हा पुन्हा आलटून पालटून बदलतो तिचा. पेट्री डिशमध्ये ब्रोमेट, मॅलोनिक आम्ल, सल्फ्युरिक आम्ल आणि फेरॉइन (तांबडा-निळा रंग दाखवणारं सूचक) यांचा पातळ थर. तांबड्यात एक निळा ठिपका उठतो, त्याचं कडं होतं, ते मिनिटाला काही मिलिमीटर सरकतं, तोवर आत दुसरं कडं तयार. दोन कडी भिडली की पाण्यावरच्या तरंगांसारखी आरपार जात नाहीत, भिडतात तिथेच दोन्ही विझतात. परीक्षक म्हणाले, मिश्रण कच्चं आहे. मी त्यांच्यासमोरच डिश हलवली. सगळं एकसारखं तांबडं झालं आणि थोड्या वेळात कडी परत उमटली. तरी मार्क कापलेच! ही अभिक्रिया शोधणाऱ्या बेलोसोव्हचा निबंधसुद्धा १९५१ साली "हे शक्यच नाही" म्हणून परत आला होता. लेनिन पुरस्कार मिळाला १९८० मध्ये, ते गेल्यावर दहा वर्षांनी.

आता तुमचा प्रश्न. डिफ्युजन एकटं असेल तर फरक पुसतं, हे खरंच. पण एक पदार्थ स्वतःलाच वाढवणारा आणि दुसरा त्याला रोखणारा, शिवाय रोखणारा जास्त वेगाने पसरणारा असेल, तर ठिपका जागेवर वाढतो आणि भोवती दुसरा उठू शकत नाही. हे गणितज्ञ अॅलन ट्युरिंगने १९५२ मध्येच मांडलं. प्रयोगात दिसायला १९९० उजाडलं, कारण पाण्यात लहान रेणू जवळपास सारख्याच वेगाने पसरतात. फ्रान्समधल्या बोर्दोच्या गटाने क्लोराइट-आयोडाइड-मॅलोनिक आम्ल जेलमध्ये वापरलं. त्यात रंग दिसावा म्हणून घातलेल्या स्टार्चने आयोडाइड धरून ठेवलं, म्हणजे स्वतःला वाढवणारा पदार्थच मंदावला, आणि काम झालं. माझी कडी म्हणजे ट्युरिंगचे ठिपके नव्हेत. ती सरकणारी लाट आहे. लोक सर्रास घोळ करतात.

हे घरी करू नका, ब्रोमेट आणि आम्ल खेळण्यातलं नाही. आणि हो, कडं बऱ्याचदा धुळीच्या कणापाशी किंवा बुडबुड्यापाशी सुरू होतं, हे मान्य. पण म्हणून "सगळी धूळच" म्हणणाऱ्याला प्रयोगशाळेत एवढं दाखवा: काचकांडीने कडं एका जागी तोडायचं. उघडी टोकं आत वळतात, सर्पिल होतं, आणि केंद्रात कसलाही कण नसताना ते फिरत राहून हळूहळू बाकीची कडी गिळून टाकतं.