मोठा पीआर तोडायचाय? आधी प्रोजेक्टवाले मर्ज कसं करतात ते बघा

रिव्ह्यूअरने नुसतं 'प्लीज स्प्लिट' लिहून तुमचा पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला कोड प्रोजेक्टमध्ये घ्या ही विनंती) बंद केला आणि आता फाइलीप्रमाणे तुकडे करू का, असं विचारलंयत. वाचून डोकंच तापलं, कारण मलाही हेच ऐकवलं होतं आणि तोडायचं कसं ते कोणीच सांगितलं नव्हतं.

फाइलीप्रमाणे अजिबात नको. फंक्शनचे पॅरामीटर एका पीआरमध्ये बदलले आणि त्याला कॉल करणाऱ्या फाइली दुसऱ्यात राहिल्या की पहिला मर्ज होताच (मुख्य कोडमध्ये मिसळताच) बिल्ड बोंबलणार. बदल का केला त्यावरून तोडा. बग फिक्स सगळ्यात आधी आणि एकटा, म्हणजे तो जुन्या रिलीजमध्येही उचलून नेता येतो. मग कोड इकडून तिकडे हलवणं, पण हलवताना त्यात एक ओळही सुधारू नका, म्हणजे रिव्ह्यूअर कलर-मूव्हड (हलवलेल्या ओळी वेगळ्या रंगात दाखवणारा गिटचा पर्याय) लावून दोन मिनिटांत मोकळा होतो. फीचर शेवटी. फॉर्मॅटरने केलेले बदल तर वेगळेच ठेवा (कमिट म्हणजे गिटमध्ये नोंदवलेला एक बदल; २०१९ च्या गिट २.२३ पासून असे कमिट ब्लेममधून, म्हणजे कोणती ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणाऱ्या यादीतून, वगळता येतात). लिनक्स कर्नलवाले तर सांगतात की मालिकेतला प्रत्येक पॅच लावल्यावर कर्नल बिल्ड व्हायला आणि चालायला हवा, कारण बायसेक्ट करणारा (बिघाड कोणत्या कमिटने आला ते मधले कमिट तपासत शोधणारा) नेमका मधेच कुठेतरी उतरू शकतो.

आता माझं दुखणं. एक प्रोजेक्ट, नाव नको. एका मेंटेनरने (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याने) तोडायला सांगितलं, मी एकाच पीआरमध्ये नीट वेगवेगळे कमिट करून दिले, मग दुसरे मेंटेनर आले आणि म्हणाले एवढे कमिट कशाला, मग पहिले गायब, मी दोघांच्या मधे लटकलेला, आणि शेवटी कोणीतरी मर्जचं बटण दाबलं तर सगळ्याचा मिळून एकच कमिट! तिथे फक्त स्क्वॉश-मर्जच चालू होतं आणि काँट्रिब्युटिंग गाइडमध्ये त्याबद्दल अवाक्षर नाही. पुढे रिग्रेशन निघालं (आधी चालणारं काहीतरी मोडलं), बायसेक्ट अर्थातच त्या अवाढव्य कमिटवर येऊन थांबला आणि मलाच विचारणा, की यातलं नक्की काय मोडलं? माझ्या लोकल ब्रांचमध्ये (माझ्याच मशीनवरच्या कोडच्या प्रतीत) ते सुटे कमिट शिल्लक होते म्हणून सापडलं, नाहीतर बसलो असतो ओळी मोजत.

म्हणून तोडायच्या आधी त्यांचे मर्ज झालेले जुने पीआर उघडून मेन ब्रांचच्या लॉगशी (कमिटच्या यादीशी) ताडून बघा. प्रत्येक पीआरचा एकच कमिट दिसला तर स्क्वॉश आहे, मग पीआरच वेगळे करा, आतले कमिट कितीही सुबक असले तरी पुसलेच जाणार. कमिट जसेच्या तसे येत असतील तर एका पीआरमध्ये सुटे कमिट चालतात, आणि माझ्या मते तेच बरं. अर्थात हा माझा अनुभव, तुमच्या मेंटेनरचं मत वेगळं असेल तर त्यांचंच ऐका, मर्जचं बटण त्यांच्याकडे आहे.

तोडायला बसण्याआधी मूळ ब्रांचची कॉपी ठेवा. मग अ‍ॅड डॅश पी ने (बदल निवडून निवडून कमिटसाठी घेणारी गिटची आज्ञा) तुकडे करा, रिबेसला (कमिट पुन्हा एकेक करून लावणं) एक्झेक (प्रत्येक कमिटनंतर दिलेली आज्ञा चालवणारा पर्याय) लावून प्रत्येक कमिटवर टेस्ट चालवा आणि शेवटी कॉपीशी डिफ (फरक) घ्या, तो रिकामाच यायला हवा.

आणि स्क्वॉशवाल्या प्रोजेक्टमध्ये सगळे पीआर एकावर एक रचून आधीच उघडू नका. पहिला मर्ज झाला की त्याचे जुने कमिट दुसऱ्यात तसेच लोंबकळत राहतात, दर वेळी रिबेस ऑन्टो (फक्त आपले नवे कमिट मेनवर हलवणं) करत बसावं लागतं आणि रिव्ह्यूअर विचारतो हे तर मर्ज झालं होतं ना.