भविष्यातली शस्त्रे, भूतकाळातले पोलाद

प्रश्न : चित्रपटातल्या अंतराळातल्या लढाईसाठी जुन्या बंदुका कशाला? नवीन काही बनवता आले नसते का?

आले असते, पण 'स्टार वॉर्स' या चित्रपटाच्या (1977) वेळी पैसे मोजकेच होते. सेट सजवणारे रॉजर ख्रिश्चन लंडनच्या बॅप्टी या शस्त्रे भाड्याने देणाऱ्या कंपनीकडे गेले आणि खऱ्या बंदुकांवरच जोडकाम केले. त्यातल्या हान सोलो या नायकाचा ब्लास्टर, म्हणजे किरण सोडणारे पिस्तूल, हे मुळात जर्मन माउझर सी-96 पिस्तूल. त्यावर दुर्बीण आणि नळीच्या टोकाला शंकूसारखे तोंड बसवले, झाले शस्त्र तयार. मला हा निर्णय नुसती काटकसर वाटत नाही. खऱ्या पोलादाचे वजन नटाच्या मनगटात दिसते. हलक्या प्लास्टिकने ते येत नाही. तोच ब्लास्टर 2022 मध्ये अमेरिकेतल्या लिलावात दहा लाख डॉलरच्या वर गेला.

प्रश्न : आपल्या क्रांतिकारकांकडे होते ते माउझर हेच का?

हो. 26 ऑगस्ट 1914 ला कलकत्त्यात शस्त्रे विकणाऱ्या रॉडा कंपनीचा माल बैलगाडीतून पळवला गेला. त्यात 50 माउझर पिस्तुले आणि 46 हजार काडतुसे होती, आणि ती पिस्तुले याच सी-96 जातीची. त्याची ठेवण नीट पाहा : मूठ झाडूच्या दांड्यासारखी गोल, आणि दहा गोळ्यांचे मॅगझीन मुठीत नाही, चापाच्या पुढे. लाकडी म्यान मुठीला मागून अडकवले की तोच खांद्याला टेकवायचा दस्ता. बंगालच्या गल्ल्यांमधून फिरलेली ही घडण पुढे अंतराळात गेली, याचे मला आजही अप्रूप आहे.

प्रश्न : 'स्टार वॉर्स'मधल्या पांढऱ्या चिलखतातल्या सैनिकांची बंदूक पोलिसांच्या जुन्या कार्बाइनसारखी दिसते. भास आहे का?

भास नाही, तुमची नजर पक्की आहे. ती ब्रिटिश स्टर्लिंग. तिचीच परवान्यावरची भारतीय आवृत्ती कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनली आणि आपण तिला कार्बाइन म्हणून ओळखतो. चित्रपटवाल्यांनी नळीवरच्या भोकांच्या जाळीवर काळ्या पट्ट्या बसवल्या, वर दुर्बीण लावली आणि डाव्या बाजूचे लांब मॅगझीन आखूड केले. दस्ता दुमडलेलाच ठेवला. काही बंदुकांतून ब्लँक, म्हणजे गोळी नसलेली, काडतुसे खरोखर उडवली. गोळीबाराचे दृश्य थांबवत थांबवत पाहा. किरण सोडणाऱ्या शस्त्रातून पितळी पुंगळी बाहेर उडताना सापडेल.

प्रश्न : ब्लँकवर ती भराभर कशी चालते?

स्टर्लिंगमध्ये बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा सरकता लोखंडी ठोकळा, वायूच्या दाबाने मागे ढकलला जातो. ब्लँकमध्ये गोळीच नसल्याने वायूला अडवणारे काही उरत नाही आणि दाब पुरत नाही. म्हणून नळीत अरुंद भोकाची अडसर बसवतात. एक गोष्ट कळकळीने सांगतो : ब्लँक म्हणजे निरुपद्रवी नव्हे. जवळून सुटलेला वायू जीव घेऊ शकतो.

प्रश्न : इतर चित्रपटांत असे आहे का?

भरपूर. 'एलियन्स'मधली (1986) पल्स रायफल म्हणजे टॉमी गन या जुन्या अमेरिकन सबमशीनगनभोवती शॉटगनचे भाग चढवलेले रूप. त्यातलीच स्मार्टगन मुळात जर्मन एमजी-42 मशीनगन आहे, एकटीच जवळपास 12 किलोची. कॅमेरा पेलण्याच्या स्टेडिकॅमच्या पट्ट्यावर ती टांगली होती, म्हणूनच ती धरणाऱ्यांची चाल तशी झुलती दिसते.