जुन्या वकिलाने फीसाठी केलेला दावा नागपूरच्या दिवाणी कोर्टात हरलो. वकील न लावता अपील करता येईल का? फाइल अजून त्यांच्याकडेच आहे.

हो, येईल. पण आधी निकालाची तारीख बघा. जिल्हा न्यायालयात अपिलाला 30 दिवस, उच्च न्यायालयात 90. आजच निकालाच्या प्रमाणित नकलेचा अर्ज टाका. नक्कल हातात आली की अर्जाची आणि नक्कल तयार झाल्याची तारीख तिच्यावर शोधा. नक्कल मिळवण्यात गेलेला वेळ मुदतीतून वगळतात. माझ्या ओळखीच्या एका काकांनी या तारखांचा शिक्का पाहिलाच नाही आणि विलंबमाफीच्या अर्जातच सहा महिने घालवले. फार वाईट वाटलं.

फी थकली म्हणून फाइल अडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्येच सांगितलंय. लेखी मागा.

अपिलात ‘त्यांनी मला फसवलं’ एवढंच लिहू नका. निकालात कोणता पुरावा दुर्लक्षिला, ते परिच्छेद क्रमांकासह लिहा. आणि नुसत्या अपिलाने वसुली थांबत नाही, स्थगितीचा अर्ज वेगळा द्या.

ग्राहक आयोगात मात्र जाऊ नका, सर्वोच्च न्यायालयाच्या 2024 च्या निकालानंतर वकिलांविरुद्ध तो रस्ता बंद आहे. गैरवर्तणुकीची तक्रार बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेकडे.