पहिल्यांदाच लिप फिलर करताय? मग अर्ध्या एमएलवर थांबा

लिप फिलर म्हणजे ओठ भरीव दिसावेत म्हणून टोचायचं जेल. पहिल्या वेळी ०.५ एमएल पुरतं. कमी वाटलं तर महिन्याभराने पुन्हा भरता येतं. एकदम जास्त भरलं की जेल ओठांच्या कडेबाहेर सरकतं आणि वरच्या ओठावर मिशीसारखा फुगवटा येतो. खालचा ओठ वरच्यापेक्षा थोडा भरलेलाच ठेवा, दोन्ही सारखे केले की लगेच ओळखू येतं.

फिलर हायल्युरॉनिक ॲसिडचंच घ्या, कारण ते हायल्युरोनिडेज या एन्झाइमच्या इंजेक्शनने विरघळवता येतं. हे इंजेक्शन क्लिनिकमध्ये आत्ता आहे का, हे आधी विचारा. डॉक्टर त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनच हवा. पार्लरमधलं सुईविना फिलर भरायचं पेन? अजिबात नको. सीलबंद सिरिंज तुमच्यासमोरच उघडू द्या.

ओठांवर ताप उठत असेल तर आधीच सांगा, विषाणूरोधक गोळ्या देतात. रक्त पातळ करणारी औषधं मनाने बंद करू नका.

दोन-तीन दिवस सूज राहणारच. आरशासमोर निकाल लावायचा तो दोन आठवड्यांनी. मात्र ओठ किंवा आसपासची त्वचा पांढरी पडली, जाळीदार निळसर डाग आले, वेदना वाढत गेल्या, तर रक्तवाहिनी बंद झाली असू शकते. रात्र असली तरी त्याच क्षणी डॉक्टरांना गाठा. दिसायला अंधुक झालं तर थेट हॉस्पिटल.