'शेठ'चा 'दादा' होतो तेव्हा

प्रश्न: माझी बारावीतली मुलगी कोरियन मालिका बघते, मीही तिच्याबरोबर बसते. खाली इंग्रजी ओळी चालू असतात. ती थोडंफार कोरियन शिकली आहे आणि सारखी म्हणते, "आई, तो असं बोललाच नाही!" भाषांतर करणारे अर्थ बदलतात का? आणि इंग्रजी मालिकेत कुणी अरबी बोललं, की खाली नुसतं 'अरबीत बोलतो' एवढंच येतं. तिथे काही दडलेलं असतं का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर: ताई, तुमच्या मुलीचा कान तयार आहे, तिला तसं सांगाच. मी पाचपाखाडीत घरी बसून मराठी चित्रपटांची इंग्रजी सबटायटल्स लिहिते. एका ओळीत साधारण 42 अक्षरं, फार तर 2 ओळी, आणि त्या 7 सेकंदांत पडद्यावरून जायला हव्यात. एवढ्याशा जागेत पहिली कात्री लागते ती हाक मारायच्या शब्दाला. मागे एका चित्रपटात नवऱ्याला जन्मभर 'अहो' म्हणणारी बाई भांडणात एकदाच 'अरे' म्हणते. सगळा प्रसंग त्या एका शब्दावर उभा होता. इंग्रजीत दोन्हीकडे 'यू'च. शेवटी मी तिथे तिच्या तोंडी नवऱ्याचं नाव घातलं. तीन दिवस डोकं खाजवून तेवढंच सुचलं, आणि ते अजून मनाला लागून आहे.

आता 'स्क्विड गेम' ही कोरियन मालिका घ्या. कर्जात बुडालेली माणसं पैशासाठी खेळ खेळतात, हरला तो मरतो. तिच्या पहिल्या सीझनमधला अली आठवा. पाकिस्तानातून आलेला कामगार. काम केलंय आपल्या दिल्लीच्या अनुपम त्रिपाठीनं. त्याच्याबरोबर खेळणारा सांग-वू त्याला बसच्या भाड्याला पैसे देतो, आणि अली त्याला 'साजांगनिम' म्हणत राहतो. म्हणजे मालक, शेठ. पुढे सांग-वूच त्याला सांगतो, मला 'ह्यंग' म्हण. पुरुष आपल्या थोरल्या भावाला मारतो ती ही हाक. आमच्या जांभळी नाक्यावरचा भाजीवाला माझ्या नवऱ्याला आधी 'शेठ' म्हणायचा, ओळख मुरल्यावर कधी 'दादा' म्हणायला लागला ते आम्हालाही कळलं नाही. अलीला तर ते नातं समोरून देऊ केलेलं असतं, आणि तो ते खरं मानतो. सहाव्या भागात गोट्यांच्या खेळात सांग-वू त्याला फसवतो, गोट्यांऐवजी पिशवीत खडे निघतात. ते 'ह्यंग' कानात असेल, तर हा दगा भावानं केलेला वाटतो. इंग्रजी ओळींतून ते पोचत नाही. मराठीत 'शेठ'चा 'दादा' केला की झालं! म्हणून मला मनापासून वाटतं, या मालिका इंग्रजीला वळसा घालून थेट मराठीत यायला हव्यात.

एक सोपी गोष्ट करून बघा. इंग्रजीचे दोन पर्याय दिसले, तर 'सीसी' (क्लोज्ड कॅप्शन, म्हणजे कमी ऐकू येणाऱ्यांसाठीच्या ओळी) लिहिलेला सोडून दुसरा लावा. 'स्क्विड गेम' आली तेव्हा 'सीसी'च्या ओळी इंग्रजी डबिंगबरहुकूम होत्या, आणि डबिंगमध्ये ओठांच्या हालचालीसाठी वाक्यं मोडावीच लागतात.

अरबीबद्दल म्हणाल, तर काही वेळा लेखक मुद्दाम अर्थ देत नाहीत. नायकाला जे कळत नाही ते आपल्यालाही कळू नये म्हणून. पण पुष्कळदा त्या भाषेची कुणाला पडलेलीच नसते. 2015 साली 'होमलँड' या अमेरिकन मालिकेचं शूटिंग बर्लिनमध्ये चालू होतं. निर्वासितांच्या छावणीचा सेट खरा वाटावा म्हणून भिंतींवर अरबी मजकूर लिहायला कलाकार बोलावले. त्यांनी लिहिलं, 'होमलँड वंशद्वेषी आहे.' आणखी एका ठिकाणी लिहिलं, 'होमलँड म्हणजे कलिंगड', म्हणजे मनावर घेऊ नये अशी गोष्ट. सेटवर कुणाला वाचता आलं नाही, कुणी वाचून घेतलंही नाही. भाग तसाच दाखवला गेला आणि मग त्या कलाकारांनीच जगाला सांगितलं. अरबी वाचणाऱ्यांना ते घरबसल्या दिसलं असेल! ती लिपी सेटवरच्या लोकांना नुसती नक्षी वाटली, याचा मला आजही राग येतो.

काळजीनं केलेलं काम बघायचं असेल, तर 'पाचिन्को' ही मालिका लावा. कोरियन संवादांच्या ओळी पिवळ्या, जपानी संवादांच्या निळ्या. जपानमध्ये राहणारं कोरियन कुटुंब एकाच वाक्यात दोन्ही भाषा बोलतं, तेव्हा खाली रंग बदलतो आणि कोण कुठल्या शब्दाला घरच्या भाषेत शिरलं ते दिसतं.

मुलीला एक वही द्या. एका भागात कोण कुणाला काय हाक मारतं आणि ती कधी बदलते, एवढंच लिहायला सांगा, शेजारी तिला सुचेल तो मराठी शब्द. 'ह्यंग'पुढे तिनं काय लिहिलं, ते मला जरूर कळवा.