कॉफीला पाणी हवं, लोण्याला नको

गेल्या अंकात उन्हाळी पेयांवर लिहिताना शेवटी दोन ओळी कोल्ड ब्रूवर खरडल्या होत्या: जाडसर कॉफी गार पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी गाळा. पन्हं आणि कोकम सरबत यांवर मी दोन पानं लिहिली, त्यांवर एकही पत्र नाही. या दोन ओळींवर मात्र टपालाचा ढीग. बहुतेकांची कॉफी बिघडलेली आहे, आणि त्यात थोडा दोष माझ्या आखूड लिहिण्याचा आहे. म्हणून या वेळचं सदर कॉफीलाच.

ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे फिल्टर कॉफीची पूड रात्री तांब्याभर पाण्यात भिजवली. सकाळी गाळायला तास लागला. निघालं ते काळंकुट्ट, बुळबुळीत, आणि चवीला थेट काढा. माझं काय चुकलं? (एक वाचक, नाशिक)

पुडीचं पाकीट उलटं करून मागचा बारीक मजकूर वाचा. कॉफी ७०, चिकोरी ३० असं काहीतरी छापलेलं असेल, कदाचित ६०-४०. हे टक्के छापणं आपल्याकडे सक्तीचं आहे, आणि मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी असाही नियम आहे. चिकोरी म्हणजे कासनीचं मूळ, भाजून दळलेलं. त्यात कॅफिन नाही. आहे तो इन्युलिन नावाचा पाण्यात विरघळणारा तंतू, आणि भाजताना करपलेली साखर. दुधाच्या कॉफीत हीच चिकोरी रंग आणि दाटपणा देते. माझ्या सकाळच्या कॉफीत ती असतेच, तिला मी नावं ठेवणार नाही. पण तिला बारा तास पाण्यात बुडवून ठेवलं, की मूळ रात्रभर भिजवून गाळून प्यायल्यासारखंच झालं. काढ्यासारखी चव लागली म्हणता, तो काढाच होता हो!

तेव्हा शंभर टक्के कॉफी आणा, बिया मिळाल्या तर उत्तम. दुसरी गोष्ट दळण्याची. फिल्टरची पूड बारीक असते. ती पाण्यात गाळ होऊन बसते, फडक्याची भोकं बुजवते आणि कडूपणाही जास्त सोडते. कोल्ड ब्रूला इडली रव्याएवढा भरडा हवा. घरच्या मिक्सरला चटणीच्या भांड्यात मूठभरच बिया घ्या आणि बटण उलटं, थांबून थांबून फिरवा. मग मैद्याच्या चाळणीतून चाळा. खाली पडलेली बारीक पूड टाकू नका, ती दुपारच्या गरम कॉफीला होईल. वर राहिलेला भरडा भिजवायचा.

प्रमाण: १०० ग्रॅम भरडा, ८०० मिलिलिटर पाणी. गाळल्यावर ६०० च्या आसपासच हाती येईल. घाबरू नका, कॉफी आपल्या वजनाच्या दुपटीएवढं पाणी पिऊन बसते. हे तसंच बर्फावर ओतून प्यायचं. दूध घालणार असाल तर पाणी निम्मं करा, ४००, आणि घट्ट अर्क काढा, नाहीतर दूधही पातळ आणि कॉफीही पातळ. साखर मात्र गार कॉफीत विरघळत नाही, तळाशी बसून शेवटच्या घोटाला दातांखाली येते. वाटीभर साखर वाटीभर पाण्यात गरम करून विरघळवून बाटलीत भरून ठेवा. तार बघत बसायची गरज नाही.

गाळायला आधी चहाची गाळणी, मग ओलं सुती फडकं. इथे माझी फजिती सांगते. पहिल्यांदा मी श्रीखंडाचा चक्का बांधायचं फडकं घेतलं. धुतलेलं होतं, उन्हात वाळवलेलं होतं, नाकाला काही जाणवलं नाही. कॉफी मात्र आंबूस. मला वाटलं बियाच जुन्या आहेत, म्हणून दुकानदाराशी थोडं बोलायलाही गेले. तो म्हणाला, "मॅडम, दुसऱ्या कापडातून गाळून बघा." घरी येऊन नवा मलमलचा तुकडा वापरला आणि तोंडात मारल्यासारखी गप्प बसले. तेव्हापासून कॉफीचं फडकं वेगळं, नुसत्या गरम पाण्यात धुतलेलं, वासाच्या साबणाशिवाय. आणि ते पिळायचं नाही. चक्का बांधतो तसं टांगून ठेवायचं, ठिबकेल तेवढं ठिबकेल. पिळलं की गाळ खाली उतरतो.

भिजवायला तांब्याची कळशी चालेल का? आणि ओट्यावर ठेवायची की फ्रिजमध्ये? आमच्याकडे आत्ताच पारा चाळिशीला टेकलाय. (एक वाचक, लातूर)

तांब्या-पितळेत नको. कॉफी किंचित आंबट असते, बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं तशी रात्रभरात हीही कळकेल. माठही नको, तो वास धरतो, मग पुढचे दोन महिने पाण्याला कॉफीचा वास. काचेची बरणी किंवा स्टीलचा डबा घ्या.

लातूरच्या उन्हाळ्यात ओट्यावर ठेवूच नका. उकळी नाही, आंबटपणा बेताचा, त्यामुळे जंतूंना अडवायला त्यात फारसं काही नसतं. फ्रिजमध्ये ठेवा आणि बाराऐवजी सोळा-अठरा तास द्या, कारण पाणी जितकं गार तितका अर्क सावकाश उतरतो. झाकण घट्ट हवं. शेजारी चिरलेला कांदा असेल तर कॉफी त्याचा वास घेणारच. गाळलेला अर्क आठवडाभरात संपवा. पाणी किंवा दूध घातलेला त्याच दिवशी.

काकू, आईच्या वाढदिवसाला कॉफी केक केला. घरचं लोणी फेटलं, पिठीसाखर घातली, छान फुललं. मग चव यावी म्हणून अर्धी वाटी कोल्ड ब्रू ओतली आणि सगळं फाटलं. नासलेल्या दुधासारखं दिसत होतं. आई म्हणाली "चव छान आहे", म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच असेल. (बी. एस्सी.ची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

अगं, अर्धी वाटी! लोण्यात पाणी मुरतं ते थेंबांनी, वाट्यांनी नाही. लोणी म्हणजे स्निग्धांशात अडकलेले पाण्याचे बारीक बारीक थेंब. त्यात साखर विरघळते, आणखी चमचा-दोन चमचे पाणी कसंबसं सामावतं, आणि त्यापुढे दोघं आपापल्या वाटेनं जातात. घरच्या लोण्यात पाणी आधीच जास्त. तूप कढवताना सुरुवातीला जो चरचर आवाज येतो ना, तो त्या पाण्याचाच. शिवाय विरजणाच्या सायीचं लोणी थोडं आंबट असतं. ते थालीपिठावर घे. केकसाठी बाजारचं बिनमिठाचं बटर आण. नेहमीचं पिवळं खारं बटर घेतलंस तर अख्खा केक बिस्किटासारखा खारट लागेल.

आता कोल्ड ब्रूचं. गाळलेल्या घट्ट अर्कातही बहुतेक सगळं पाणीच असतं. लोण्याला कॉफीची चव येईल इतका अर्क ओतलास तर त्याच्याबरोबर नको तितकं पाणीही जाणार. इथे आपली साधी इन्स्टंट कॉफी कामाची. कोल्ड ब्रू पिणारे तिला नाकं मुरडतात, पण ती म्हणजे पाणी काढून टाकलेली कॉफीच की! दोन लहान चमचे इन्स्टंट कॉफी दोनच लहान चमचे कडक गरम पाण्यात विरघळव. काकवीसारखी दाट होते. ती पूर्ण गार होऊ दे.

१५० ग्रॅम बटर फ्रिजबाहेर काढून ठेव. बोटानं दाबलं तर खळगा पडावा, पण बोट तेलकट होऊ नये. आधी नुसतं बटर पाच मिनिटं फेट. रंग पिवळ्याचा जवळजवळ पांढरा होतो, तेवढा धीर धर. मग ३०० ग्रॅम पिठीसाखर दोनदा चाळून, तीन हप्त्यांत घाल. घरी मिक्सरमध्ये केलेली साखर कितीही दळली तरी जिभेला कचकच लागते, इथे विकतची आयसिंग शुगरच घे. शेवटी ती कॉफीची काकवी, अर्धा-अर्धा चमचा करत. चिमूटभर मीठ. झालं.

कॉफीची पूड तशीच लोण्यात घालावी असं कधी तुझ्या मनात आलं तर माझ्या आईचा पंचाहत्तरावा वाढदिवस आठव. मी "अस्सल चव" म्हणून दोन चमचे फिल्टरची पूड फेटून घातली होती. दिसायला सुरेख, तपकिरी ठिपके ठिपके. दळलेली बी लोण्यात विरघळत नाही हे मला, इतकी वर्षं स्वयंपाक करणाऱ्या बाईला, सुचू नये? आईनं पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि सगळ्या पाहुण्यांसमोर उठून कवळी धुवायला गेली.

तुझी कोल्ड ब्रू वाया नाही जाणार. तिची जागा केकच्या पोटात आहे. केकवर काडीनं टोचे मार आणि चार मोठे चमचे अर्क, एक चमचा साखरेचं पाणी मिसळून, चमच्याचमच्यानं शिंपड. अर्धा तास मुरू दे, मग वरून लोणी लाव.

फाटलेलं लोणी लगेच टाकत जाऊ नकोस. पुष्कळदा गार कॉफी आणि कोमट लोणी यांचं जमलेलं नसतं, एवढंच. भांड्याचा तळ दहा सेकंद गरम पाण्यात धर आणि फेटत राहा. सांधलं तर सांधलं. अर्ध्या वाटीचं मात्र काही होत नाही.

मे महिन्यात मुलाच्या मुंजीला कॉफी फ्रॉस्टिंगचे कपकेक करायचे आहेत, शंभर. टिकतील का? (एक वाचक, नागपूर)

नाही. फ्रॉस्टिंग म्हणजे केकवर लावायचं ते फेटलेलं लोणीच. लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळतं आणि मांडव काही वातानुकूलित नसेल. त्यापेक्षा गनाश करा: २०० ग्रॅम डार्क चॉकलेट, १०० ग्रॅम क्रीम. क्रीम गरम करून त्यात चमचाभर इन्स्टंट कॉफी विरघळवा आणि चॉकलेटच्या तुकड्यांवर ओतून ढवळा. पुठ्ठ्याच्या खोक्यातलं २५ टक्के स्निग्धांशाचं क्रीम याला चालतं. फेटून फुलवायला ते उपयोगाचं नाही, कितीही हात दुखवलेत तरी. गनाशही उन्हात मऊ पडतंच, पण ओघळण्याआधी थोडा दम धरतं. पहाटे लावा आणि जेवणाच्या वेळेपर्यंत सावलीत, पंख्याखाली ठेवा.

कोल्ड ब्रू सौम्य लागते, म्हणून मी संध्याकाळी दोन ग्लास घेते. झोप का येत नसावी? (एक वाचक, ठाणे)

सौम्य लागते, असते असं नाही. गार पाण्यात कडू आणि आंबट घटक कमी उतरतात, पण कॅफिन गार पाण्यातही बऱ्यापैकी उतरतं, आणि त्याला आख्खी रात्र मिळालेली असते. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. सहाला प्यालात तर अकरालाही निम्मं अंगात आहेच. निरोगी प्रौढांनी दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या आत राहावं, गरोदर बाईनं २०० च्या, असं युरोपातल्या अन्नसुरक्षा यंत्रणेचं मत आहे. तुमच्या ग्लासात किती हे बिया आणि प्रमाण यांवर ठरतं. रोबस्टा आणि अरेबिका या कॉफीच्या दोन मुख्य जाती, रोबस्टामध्ये कॅफिन अरेबिकाच्या दुपटीच्या जवळपास असतं. सकाळी प्या.

चिकमगळूरला गेलो होतो, तिथून बिया आणल्या. पाकिटावर "प्लांटेशन ए" लिहिलंय, दुसऱ्यावर "मान्सून्ड मलबार". कोल्ड ब्रूला कुठल्या? आणि सासूबाईंचं म्हणणं, जायफळाशिवाय ती कॉफीच नव्हे. गार कॉफीत जायफळ घालता येतं का? (एक वाचक, बेळगाव)

बाबा बुदन या सूफी संतांनी येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या असं सांगतात, त्याच डोंगरांतून आणल्यात म्हणजे! "प्लांटेशन" म्हणजे धुऊन तयार केलेला अरेबिका, आणि "ए" हा दाण्याच्या आकाराचा दर्जा. भाजणी मध्यम असेल तर कोल्ड ब्रूला याच वापरा, फळाचा किंचित आंबटपणा राहतो. मान्सून्ड मलबारच्या बिया पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात मुद्दाम फुगवतात, त्यात त्यांचा आंबटपणा जवळजवळ जातो. गरम दुधात त्या सुरेख लागतात. गार पाण्यात मात्र मला त्या बेचव वाटल्या. तुमची जीभ वेगळी असेल.

सासूबाईंचं खरं आहे. आमच्याही घरी कॉफी म्हणजे जायफळ-वेलची घालून उकळलेली, पाहुणे आले की. पण जायफळाचा वास त्याच्या तेलात असतो आणि ते तेल गार पाण्यात नीट उतरत नाही. भरड्याबरोबर भिजवलंत तर जायफळ फुकट जाईल. कपभर दूध कोमट करा, सहाणेवर जायफळाचे चार वळसे उगाळून त्यात घाला, झाकून गार होऊ द्या, वरची साय काढा. घट्ट अर्कात हे दूध, वर बर्फ. वळसे चारच हं, जायफळानं गुंगी येते. लोण्यात तर जायफळ फारच छान उतरतं, तेव्हा केकच्या फ्रॉस्टिंगमध्ये चिमूटभर किसून बघा आणि पहिला तुकडा सासूबाईंना द्या.